मतदान न करणारा तो 'इडियट'? अथेन्समध्ये तरी नाही

निवडणूक जवळ आली की हा मेसेज फिरतो: 'प्राचीन अथेन्समध्ये जो मतदानाला जात नसे त्याला इडियट म्हणत. पेरिक्लीसनेच तसं म्हटलंय.' (पेरिक्लीस म्हणजे तेव्हाचा अथेन्सचा मोठा नेता.) आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दोनदा आला. मतदान करायलाच हवं, मी कधी चुकवत नाही. पण त्यासाठी ग्रीकांच्या तोंडी नसलेलं वाक्य घालू नये.

आधी शब्द पाहू. ग्रीकमध्ये 'इडिओस' म्हणजे स्वतःचं, खाजगी. त्यावरून 'इडिओटेस', म्हणजे ज्याच्याकडे सरकारी पद नाही असा साधा माणूस. सेनापतीच्या तुलनेत शिपाई, जाणकाराच्या तुलनेत ती विद्या न शिकलेला. अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीझ तिथल्या इ.स.पू. 430च्या साथीबद्दल लिहितो, की ती कुठून आली हे वैद्याने सांगावं किंवा इडिओटेसने, ज्याला जसं वाटेल तसं. आपण लक्षणं तेवढी नोंदवतो, म्हणजे ती साथ पुन्हा आली तर ओळखता येईल, असं तो म्हणतो. तो स्वतः त्या साथीतून उठलेला माणूस. इथे इडिओटेस म्हणजे वैद्य नसलेला कोणीही, तुमच्याआमच्यासारखा. शिवीचा वासही नाही.

मतदानाशी तर या शब्दाचा संबंध लागतच नाही. पद नसलेला नागरिकही सभेला जाई, हात वर करून मत देई, आणि घरी परतताना इडिओटेसच असे.

राहिला पेरिक्लीस. युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीत त्याने केलेलं भाषण थुसिडिडीझनेच दिलंय. सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला आम्ही शांत नव्हे, निरुपयोगी समजतो, असं त्यात आहे. बोल कडकच आहेत. पण तिथला शब्द 'आख्रेइओस'. इडिओटेस त्या वाक्यात नाही.

मग मूर्खपणा आला कुठून? लॅटिनमध्ये 'इडिओटा' म्हणजे अशिक्षित, अडाणी झाला. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'मतिमंद' झाला. शब्द असे घसरतात. अशोकाच्या शिलालेखांत 'देवांचा प्रिय' ही राजाची पदवी आहे. पुढच्या संस्कृतात 'देवानांप्रिय' म्हणजे मूर्ख. म्हणून अशोक स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होता, असं कोणी म्हणेल का?

ग्रीसमध्ये आजही खाजगी शाळेला 'इदिओतिको स्खोलीओ' म्हणतात.