'सराव न करणारा' निकोला योकिच: त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याबद्दल

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या बास्केटबॉल संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, म्हणून खेळते. गेल्या आठवड्यात तिनं मला एक फिरत फिरत आलेला मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मग आमचे सर रोज धावायला का लावतात?"

तो मेसेज तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सर्बियाचा 'निकोला जोकिक' हा जाडा, आळशी पोरगा. रोज तीन लिटर कोक प्यायचा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, त्याची निवड झाली तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, इतका तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याला उडी मारता येत नाही, बचाव येत नाही, खेळ मनापासून आवडतही नाही. जीव सगळा घोड्यांत. तरी तो जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू झाला, कारण देणगी उपजत असते आणि नशीब लागतं. घाम गाळून काही होत नाही.

मेसेजमधल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच तो पटतो. पण त्या जोडून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीनं तो खरा मानावा हे मला सहन होत नाही.

आधी नाव. ते जोकिक नाही, योकिच. यातला च 'चहा'तला. सर्बियन भाषेत 'चमचा'तलाही च आहे, तो त्यांच्या जुन्या थोर सेंटरच्या, व्लादे दिवाचच्या नावात येतो. दोन्ही च आपल्या जिभेला जन्मापासून येतात, तेव्हा मराठीत तरी नाव बिघडवायचं कारण नाही.

आता जाहिरात. 26 जून 2014 च्या रात्री ब्रुकलिनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, होता. डेन्व्हर नगेट्सनी 41 व्या क्रमांकावर योकिचला घेतलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती आणि त्याचं नाव पडद्याच्या खालच्या पट्टीत दिसलं. हे खरं. सर्बियात तेव्हा पहाट होत आली होती आणि योकिच झोपला होता, हेही खरं. पण जाहिरात कधी लावायची हे वाहिनी ठरवते, खेळाडू कोणता घ्यायचा हे क्लब ठरवतो. डेन्व्हरचे लोक त्याला ओळखून होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो पोर्टलंडच्या हूप समिटमध्ये, जगभरातल्या निवडक तरुण खेळाडूंच्या सामन्यात, खेळून गेला होता. एक गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. त्याच रात्री डेन्व्हरनं 16 व्या क्रमांकाचा युसुफ नुर्किच मिळवला होता. तोही तरुण, तोही सेंटर, तोही बाल्कनमधला. म्हणजे सेंटरची जागा भरली होती. तरीही पुढे त्यांनी आणखी एक सेंटर घेतला. असं चिठ्ठी काढून होत नाही.

आणि मेसेज लिहिणाऱ्यानं पुढचं वर्ष तर गाळूनच टाकलंय. निवड झाल्यावर योकिच लगेच अमेरिकेला गेला नाही. 2014-15 चा हंगाम तो बेलग्रेडच्या मेगा क्लबकडून एड्रियाटिक लीगमध्ये खेळला. माजी युगोस्लाव्हियातल्या देशांचे क्लब एकत्र खेळतात ती ही लीग, पुरुषांची, धक्काबुक्कीची. त्या हंगामात विसाव्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेन्व्हरला पोचला तो हा खेळाडू. जाहिरातीच्या आड लपलेलं कुणी अनोळखी पोर नव्हे.

कोकचं म्हणाल तर त्यानं स्वतःच ते सांगितलंय. रोज तीन लिटर प्यायचो, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानात शेवटचा प्यायलो, असं. मेसेजात पहिलं अर्धं वाक्य घेतलंय, दुसरं सोडलंय. माझ्या मते गोष्ट दुसऱ्या अर्ध्यातच आहे. ज्या वस्तूची इतकी सवय होती ती त्यानं एका प्रवासात सोडली.

त्यानंतरचं शरीर घडवलं ते डेन्व्हरच्या व्यायाम प्रशिक्षकानं, फेलिपे आयखेनबर्गर या ब्राझिलियन माणसानं, आणि अर्थात योकिचनं. त्याची एक सवय लीगमधल्या लोकांना ठाऊक आहे: सामना संपल्यावर, बाकीचे कपडे बदलत असताना, तो वजनं उचलायला जातो. ज्या दिवशी पाय आधीच जड झालेले असतात त्याच दिवशी. आपल्याकडे तालमीत रोजच्या मेहनतीला फार मान असतो. ही तीच जात आहे, फक्त ती कॅमेऱ्यात येत नाही.

आळशी माणूस किती सामने चुकवतो? योकिचनं पहिल्या 10 हंगामांत एकदाही 69 पेक्षा कमी सामने खेळलेले नाहीत. 2019-20 मध्ये डेन्व्हरचे 73 सामने झाले, तो 73 खेळला. 2020-21 मध्ये 72 झाले, तो 72 खेळला. आजच्या एनबीएत मोठे खेळाडू विश्रांतीसाठी सर्रास बाहेर बसतात, आणि 2.11 मीटर उंचीच्या, सव्वाशे किलोंच्या घरातल्या माणसाच्या गुडघ्यांवर प्रत्येक सामन्यात किती भार येतो याचा विचार करा.

पण आकडे जाऊ द्या, एक सामना घेऊ. 3 मे 2019, पोर्टलंड, प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीतला तिसरा सामना. 48 मिनिटांत बरोबरी. मग एक ओव्हरटाइम (पाच मिनिटांचा जादा वेळ), दुसरा, तिसरा, चौथा. एकूण 68 मिनिटांच्या त्या सामन्यात योकिच जवळजवळ 65 मिनिटं मैदानात होता. 33 गुण, 18 रीबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणं), 14 असिस्ट (ज्यावर सोबती गुण करतो तो पास). डेन्व्हर 140-137 असं हरलं. मी तो सामना इथे सकाळी पाहिला, नाश्ता तसाच राहिला. चौथ्या ओव्हरटाइममध्ये सगळ्यांचेच पाय ओढले जात होते, आणि हा जाडा म्हणून हिणवला गेलेला माणूस अजून स्क्रीन लावत होता, म्हणजे सोबत्याला वाट मिळावी म्हणून बचाव करणाऱ्याच्या आड उभा राहत होता, रीबाउंडसाठी अंग घुसवत होता. भाचीला मी हेच कळवलं: तुमचे सर धावायला लावतात ते या चौथ्या ओव्हरटाइमसाठी.

आता मेसेजातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य: 'देणगी उपजत असते'.

योकिचचा पास पाहिला की असं वाटणं स्वाभाविक आहे, हे मी मान्य करतो. तो फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी, बास्केटकडे पाठ करून उभा राहतो. चेंडू डोक्यावर धरलेला. बचाव करणाऱ्याला वाटतं, आता हा वळणार. तेवढ्यात मागून कुणीतरी रिंगकडे धावतो आणि चेंडू त्या धावणाऱ्याच्या हातात असतो. योकिच तिकडे बघतही नसतो. कधी तर तो चेंडू पकडतच नाही, आलेला चेंडू बोटांनी नुसता पुढे सारतो. रीबाउंड घेतला की एका हातानं, खांद्यावरून, थेट पलीकडच्या टोकाला फेकतो. पुष्कळ जाणकारांना त्यात वॉटर पोलो, पाण्यात पोहत एका हातानं चेंडू फेकायचा खेळ, दिसतो, आणि सर्बियाच्या पुरुष संघानं वॉटर पोलोत 2016, 2020 आणि 2024 अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलीत हे पाहता ते अगदीच दूरचं वाटत नाही.

पण पास देणारा उंच सेंटर ही तिथे आकाशातून पडलेली गोष्ट नाही. ज्या दिवाचचं नाव वर आलं, तो 1989 मध्ये एनबीएतल्या लेकर्स संघाकडे गेला आणि तिथे सगळ्यांनी पाहिलं की एवढा उंच माणूस गार्डसारखा, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्या चपळ खेळाडूसारखा, पास देतो. युगोस्लाव्हियात बास्केटबॉलची एक शाळाच उभी राहिली होती. अलेक्सांदर निकोलिच यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत बांधली, आणि 1970, 1978 आणि 1990 मध्ये युगोस्लाव्हियानं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. उंच मुलालाही चेंडू हाताळायला शिकवायचं, त्याला केवळ रिंगखाली उभं करायचं नाही, हा त्या शाळेचा धडा.

योकिचच्या वाट्याला त्या शाळेतला एक विलक्षण माणूस आला: देयान मिलोयेविच. मिलोयेविच स्वतः रिंगजवळ खेळायचा, उंच खेळाडूंच्या मानानं बुटका, तरी 2004, 2005 आणि 2006 असा सलग तीन वेळा एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. उंची नसताना उंच माणसांना हरवायचं तर पाय कुठे ठेवायचा, खांदा कधी लावायचा, समोरच्याचा तोल कधी गेलाय, हे सगळं शिकावं लागतं. ते ज्ञान त्यानं मेगामध्ये प्रशिक्षक म्हणून मुलांना दिलं. त्याच क्लबमधून इव्हित्सा झुबाच पुढे आला, गोगा बिताझे आला. योकिच उडी न मारता गुण करतो तेव्हा मला त्याच्या पायांत हे शिक्षण दिसतं: छोटी फसवणूक, एक पाऊल आत, खांद्याचा हलका धक्का, मग एका पायावर मागे झुकत टाकलेला तो उंच शॉट. त्या शॉटला लोक त्याच्या गावावरून 'सोम्बोर शफल' म्हणतात. मिलोयेविच पुढे गोल्डन स्टेट या एनबीए संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, आणि जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, संघाबरोबर सॉल्ट लेक सिटीत असताना हृदयविकारानं गेला. त्याच्याबद्दल एक ओळही न लिहिता 'उपजत' म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

घरचंही तसंच. दोघे मोठे भाऊ, स्त्राहिन्या आणि नेमान्या, बास्केटबॉल खेळणारे. नेमान्या तर अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका विद्यापीठाकडून खेळला होता. धाकट्याला चेंडू घरातच भेटला. आणि सतराव्या वर्षी त्याचं नाव पुढे आलं ते मिश्को राझ्नातोविच या एजंटनं वर्तमानपत्रात ज्युनियर सामन्यांचे आकडे वाचले म्हणून. ते आकडे आधी कुणीतरी मैदानात करावे लागतात.

बचावाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. योकिच रिंगवर शॉट अडवणारा सेंटर नाही, मोकळ्या जागेत चपळ गार्ड त्याला मागे टाकतात. मात्र त्याचे हात फार चलाख आहेत. 2024-25 मध्ये त्यानं सामन्याला सरासरी 1.8 वेळा चेंडू चोरला, जे सेंटरसाठी खूपच आहे. शिवाय समोरच्याचा चुकलेला शॉट हातात घेणं हाही बचावच, आणि त्यात तो वर्षानुवर्षं पुढे आहे. त्याला सेंटर ठेवून विजेतेपद मिळत नाही असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. 2023 मध्ये डेन्व्हरनं ते मिळवलं, एनबीएतलं क्लबचं पहिलं.

त्या विजेतेपदालाही मेसेज नशीब म्हणतो. त्या प्लेऑफमध्ये डेन्व्हर 16 जिंकलं, 4 हरलं. ड्युरंट आणि बुकरचा फिनिक्स गेला, लेब्रॉनचा लेकर्स संघ 4-0 असा गेला, अंतिम फेरीत मायामी 4-1. योकिचनं त्या एका प्लेऑफमध्ये एकूण 600 गुण, 269 रीबाउंड आणि 190 असिस्ट केले. तिन्हींत सर्वांच्या पुढे. एनबीएच्या इतिहासात याआधी कुणालाही हे जमलं नव्हतं. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो 2021, 2022 आणि 2024 असा तीन वेळा निवडला गेलाय. 7 मार्च 2025 ला फिनिक्सविरुद्ध एका सामन्यात 31 गुण, 21 रीबाउंड, 22 असिस्ट. नशीब एखाद्या संध्याकाळी साथ देतं, इतकी वर्षं सलग देत नाही.

राहिले घोडे. हो, आवडतात. सोम्बोरला त्याचा तबेला आहे, हंगाम संपला की तो तिथे असतो. हलकी दोनचाकी गाडी मागे जोडलेली आणि घोडा दुडक्या चालीनं धावतोय, अशा शर्यती त्या भागात आहेत आणि त्या त्याला जीव की प्राण आहेत. माणसाचं एका गोष्टीवर प्रेम असलं म्हणजे दुसरीवर नसतं, हे कुठलं तर्कशास्त्र? देशासाठी तो 2017, 2021 आणि 2023 च्या उन्हाळ्यात खेळला नाही, हे खरं. पण 2016 ला रिओत खेळून रौप्य मिळवलं. 2019, 2022 आणि 2025 मध्येही तो सर्बियाच्या जर्सीत होता. 2024 ला पॅरिसमध्ये सर्बियानं उपांत्य फेरीत अमेरिकेला शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजवलं, 95-91 असे हरले, आणि दोन दिवसांनी जर्मनीला हरवून कांस्य घेतलं. त्या सामन्यात योकिचचे 19 गुण, 12 रीबाउंड, 11 असिस्ट. बेलग्रेडला परतल्यावर नगरभवनाच्या सज्जात तो सोबत्यांच्या गळ्यात हात टाकून गात होता. त्याला खेळ आवडत नाही म्हणणाऱ्यांनी ती दृश्यं एकदा पाहावीत.

आणि त्याआधीचं, मे 2022 मधलं एक. त्याला दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता. डेन्व्हरचा तेव्हाचा प्रशिक्षक मायकेल मलोन आणि क्लबची माणसं त्याला न सांगता करंडक घेऊन थेट सोम्बोरला, त्याच्या तबेल्यावर जाऊन उभी राहिली. योकिच घोडागाडी हाकत आला. ही माणसं डेन्व्हरहून इथवर आलीत हे लक्षात आलं तेव्हा तो रडला.