शेल्टरमधलं कुत्रं नको, डिझायनर क्रॉस घ्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज सध्या पेट ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की कुत्रं पाळायचंच असेल तर लॅब्राडूडल (लॅब्राडोर आणि पूडल), कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल), माल्टीपू (माल्टीज आणि पूडल), पॉम्स्की (पॉमेरेनियन आणि हस्की) असलं डिझायनर क्रॉस, म्हणजे दोन जातींचं मुद्दाम केलेलं मिश्रण घ्या, कारण दोन जाती एकत्र आल्या की आजार जातात, केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही आणि स्वभाव आधीच माहीत असतो. शेल्टरमधली कुत्री मात्र म्हणे आजारी, चावकी, आणि वर तिथले लोक घर बघायला येतात, नको नको ते प्रश्न विचारतात. मी एका शेल्टरची पिल्लं घरी फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती, ठेवते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे, पण तरी एकेक मुद्दा नीट बघूया, कारण हा मेसेज वाचून लोक खरंच पैसे भरतायत.

पहिला मुद्दा, "क्रॉस केला की आजार जातात." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. आईबापांत वेगवेगळे दोष असतील तर पिल्लात ते एकमेकांना झाकू शकतात, बरोबर. पण दोघांत एकच दोष असेल तर? लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल दोघांनाही हिप डिस्प्लेसियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास असतो. पीआरसीडी नावाचा आनुवंशिक दोष, ज्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रं आंधळं होतं, तो लॅबमध्ये आहे, पूडलमध्ये आहे, कॉकर स्पॅनियलमध्येही आहे. म्हणजे लॅब्राडूडल घ्या नाहीतर कॉकापू, आईबापांची टेस्ट केलेली नसेल तर पिल्लाला दोन्हीकडून तोच दोष येऊ शकतो. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये हेच तपासलं. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू (कॅव्हलियर स्पॅनियल आणि पूडल), यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ नेहमीच्या आजारांवर तुलना केली, साडेनऊ हजारांच्या आसपास कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेऊन. ८६.६ टक्के तुलनांमध्ये काहीच फरक नाही, ७ टक्क्यांमध्ये क्रॉसला धोका जास्त, ६.४ टक्क्यांमध्ये कमी. आणि हे आकडे तिथले आहेत जिथे निदान काही ब्रीडर तरी हिप आणि डोळ्यांच्या टेस्ट करून घेतात. आपल्याकडे इन्स्टावर पिल्लू विकणाऱ्याला आईचा हिप एक्सरे मागून बघा, काय उत्तर येतं ते.

उलट बाजूही सांगते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने २७ हजारांहून जास्त आजारी कुत्र्यांचे रेकॉर्ड बघितले, २४ आनुवंशिक आजारांसाठी. १३ आजार शुद्ध जातीत आणि मिक्समध्ये सारखेच निघाले, १० शुद्ध जातीत जास्त आणि एक, गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचा, मिक्समध्ये जास्त. म्हणजे मिक्स असण्याचा थोडाफार फायदा आहे हे मान्य, पण तो फायदा पिढ्यानपिढ्या मिक्स होत आलेल्या आपल्या गावठी कुत्र्याला आधीच मिळालेला आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. गावठी आजारी पडतच नाही असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, गोचिडांमुळे होणारा टिक फीवर आणि पार्व्हो हा जीवघेणा जुलाबांचा आजार त्यालाही होतो.

आता ॲलर्जी, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त कुत्री याच एका कारणाने परत केली जाताना बघितलीत. ॲलर्जी केसांमुळे होते हा समजच चुकीचा आहे. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनमुळे, त्यातलं मुख्य कॅन एफ १. केस गळोत न गळोत, लाळ आणि कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतोच. २०११ मध्ये अमेरिकेत लोकांच्या घरातली धूळ तपासली, तथाकथित हायपोॲलर्जेनिक कुत्र्यांच्या घरात आणि बाकीच्यांच्या घरात फरक सापडला नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये केसांचे नमुने तपासले तर लॅब्राडूडल, पूडल वगैरेंच्या अंगावर हे प्रोटीन उलट जास्त निघालं.

आणि लॅब्राडूडलचा जन्मच बघा ना. १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन अंध लोकांसाठी गाइड डॉग तयार करायचे. हवाईमधल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरननी आधी बरेच पूडल ट्राय केले, ते गाइडच्या कामाला जमेनात, मग लॅब आणि स्टँडर्ड पूडलचा क्रॉस केला. तीन पिल्लं झाली, तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि त्या नवऱ्याला तिघांपैकी एकाचाच त्रास झाला नाही. एकाच आईची, एकाच वेळची पिल्लं, तिघांत एक! म्हणजे ज्या गोष्टीचा दाखला देऊन आज "ॲलर्जी फ्री" पिल्लं विकतात तीच गोष्ट सांगते की अशी गॅरंटी देता येत नाही. कॉनरननी स्वतः २०१९ च्या मुलाखतीत या प्रकाराबद्दल आयुष्यभराचा पश्चात्ताप बोलून दाखवला, कारण त्यांचं बघून लोकांनी टेस्ट न करता वाट्टेल ते क्रॉस करून विकायला काढले.

केस गळत नाहीत हेही सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, लॅब आणि पूडलच्या पहिल्या पिढीत काही पिल्लांचे गळतात, काहींचे नाही. ज्यांचे गळत नाहीत त्यांचे वाढत राहतात, रोज विंचरलं नाही तर जटा होतात, पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत त्या जटांखाली कातडी लाल होऊन इन्फेक्शन होतं, आणि मग ग्रूमरकडे पूर्ण भादरून घ्यावं लागतं. हा खर्च आणि हा रोजचा वेळ मेसेजमध्ये कुठेच लिहिलेला नाही. पॉम्स्कीबद्दल तर काय बोलायचं, हस्कीचा जाड दुहेरी कोट घेतलेलं जनावर नागपूरच्या मे महिन्यात ठेवायचं, ते बघवत नाही हो.

"स्वभाव आधीच माहीत असतो." कुणाचा? २०२२ मध्ये सायन्स जर्नलमध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए बघून. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातला जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे निघाला. हे शुद्ध जातींचं, मग क्रॉसचं काय सांगणार? दीड महिन्याचं पिल्लू बघून ते मोठेपणी केवढं होईल, मुलांशी कसं वागेल, एकटं राहील का, कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेल्टरमधलं दोन-तीन वर्षांचं कुत्रं मात्र तुमच्यासमोर जसं आहे तसं उभं असतं. वजन कळतं, आवाज कळतो, मांजर दिसल्यावर काय करतं तेही तिथली रोज खायला घालणारी माणसं सांगतात. नव्या घरात रुळेपर्यंत ते थोडं बदलेल, आधी बुजेल, मग मोकळं होईल, पण तरी खात्रीच हवी असेल तर ती या दोघांत जास्त कुठे मिळते ते तुम्हीच बघा.

शेल्टरची कुत्री आजारी, हा मुद्दा. शेल्टरमध्ये आजारी जनावरं येतात, कारण आजारी जनावर न्यायची ती जागाच आहे. पण दत्तक देण्याआधी लस, जंताचं औषध, नसबंदीचं वय झालं असेल तर नसबंदी, हे चांगली शेल्टर करून देतात आणि कार्ड हातात देतात, ते मागून घ्याच. आता विकत घेण्याची बाजू बघा. जाहिरातीत काय असतं, "४५ दिवसांचं हेल्दी पिल्लू." २०१७ च्या केंद्राच्या डॉग ब्रीडिंग नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे ५६ दिवस. ४५ दिवस लिहिलेली ती जाहिरातच नियम मोडल्याची कबुली आहे आणि आपण ती लाइक करतो! त्याच नियमांत आहे की ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात एकाहून जास्त वेळा आणि आयुष्यात पाचाहून जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही. विकणाऱ्याकडे नोंदणी नंबर मागा, आईला भेटायचंय म्हणा. आणि लॅब्राडूडलबरोबर कुणी "केसीआय पेपर्स" देत असेल तर तिथूनच मागे फिरा, केनेल क्लब ऑफ इंडिया क्रॉसची नोंदणी करत नाही.

इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचं ते शिकतच नाही, लसही अर्धवट असते. पार्व्होची लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे विकत घेताना उड्या मारणारं पिल्लू आठवड्यात रक्ताची हगवण लागून वेटकडे सलाईनवर असतं, आणि विकणारा म्हणतो आमच्याकडे तर ठीक होतं.

चावकी म्हणाल तर कुठलंही घाबरलेलं कुत्रं चावतं, विकत घेतलेलं असो की दत्तक. शेल्टरमध्ये आलेल्यांपैकी कितीतरी घरातलीच असतात, मालकाची बदली झाली, बाळ झालं, घरमालक नको म्हणाला. लॅब येतात, हस्की येतात, आणि ब्रीडिंगला वापरून झालेल्या माद्या येतात, आचळं लोंबलेली, हात उचलला की कोपऱ्यात जाऊन दबणाऱ्या. या माद्यांना बघितल्यापासून मला पिल्लांच्या त्या गोंडस रील्स बघवत नाहीत.

राहिला प्रश्न प्रश्नांचा. घर भाड्याचं आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेल्यावर कुत्रं कुठे ठेवणार, खिडक्यांना जाळी आहे का, हे विचारतात कारण या कारणांनीही कुत्री परत येतात. कधी कधी ही चौकशी जास्त होते, काही ठिकाणी बोलण्याची पद्धतही तुटक असते, हे मान्य, तसं झालं तर दुसऱ्या शेल्टरला फोन करा. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर त्यांना आधी तिथे न्या, जे कुत्रं आवडलंय त्याच्याबरोबर तासभर बसवा, त्याला अंगावर घेऊ द्या, हात चाटू द्या, दोन-तीनदा जा, ॲलर्जीच्या डॉक्टरांशीही बोला, आणि मग आधी फॉस्टर म्हणून काही दिवस घरी आणता येईल का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात.