मेमरी चाचणीतली एक चूक सोडून द्यावी का?

आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की मेमटेस्ट८६+ हा मेमरी (रॅम) तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवायला सांगून मी वाचकांना विनाकारण घाबरवले. आपल्या संगणकावर चार फेऱ्यांत एकच चूक दिसली, ती अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे आली असणार, आणि फायली बिघडतात त्या बहुतेकदा डिस्कमुळे. डिस्क आणि केबल आधी तपासावी हे लिहायचे राहून गेले होते, ते लेखात घालतो. एका चुकीबद्दलचे आपले मत मात्र मला मान्य नाही.

किरणांमुळे बिट उलटतो, म्हणजे मेमरीतल्या शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो, हे खरे आहे. पण टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्या रॅममध्ये एकदा चूक आढळली तिच्यात पुढेही चुका होण्याची शक्यता कितीतरी जास्त दिसली होती. रॅमच्या प्रत्येक पेशीतला विद्युतभार सहसा ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. एखादी कमकुवत पेशी तोवरही तो धरून ठेवत नाही, आणि तेही रॅम तापली असताना किंवा शेजारच्या पेशींत विशिष्ट शून्ये-एके असतानाच. म्हणूनच चाचणीत शून्ये-एकांचे इतके वेगवेगळे नमुने इतके तास फिरवावे लागतात.

साध्या मजकुरात '१' हा अंक इंग्रजी लिपीत ४९ या संकेताने साठवला जातो आणि '९' हा ५७ ने. दोहोंत फरक फक्त एका बिटाचा. हा बिट डिस्कवर लिहिण्यापूर्वीच रॅममध्ये उलटला, तर हजाराचे नऊ हजार होतात, डिस्क ते इमानाने जपते आणि बॅकअपमध्येही तेच जाते. साठवलेला मजकूर स्वतः पडताळून पाहणारी झेडएफएससारखी फाइल सिस्टिमसुद्धा चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेला आकडा) काढते तो त्या बिघडलेल्या मजकुराचाच. माझ्याकडे एका मोठ्या फाइलचा चेकसम वारंवार चुकीचा येत होता आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो बरोबर आला; डिस्कवरची प्रत शाबूत होती, बिघडली होती ती रॅममध्ये राहिलेली प्रत.

तेव्हा आपण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून चाचणी पुन्हा चालवावी आणि चूक दिसल्यास तिचा पत्ता, म्हणजे रॅममधली तिची जागा, टिपून ठेवावा. तोच पत्ता किंवा तोच बिट पुन्हा आला, तर किरणांचा विषय संपला. मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी) त्याच स्लॉटमध्ये लावून दोषी कोणती ते शोधावे. तोवर त्या संगणकावरून बॅकअप घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.