अंदाज चुकतो, म्हणून थांबायचं?

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे: "दुष्काळ-पुराचे अंदाज दहातून सात वेळा फसतात. त्यांच्या भरवशावर आधीच पैसा ओतणं हा जुगार आहे. शेती अनिश्चित, तिथे गणित चालत नाही. नुकसान मोजावं आणि मगच मदत द्यावी."

आधी जुगाराचं बघू. अंदाज सातदा फसतो हे मान्यच करू. चारा, बियाणं, पाणी वेळेआधी पोचवण्याचा खर्च 20 धरा. काहीच केलं नाही तर एका संकटात नुकसान 100, त्यातलं 80 तयारीमुळे टळतं. दहाही वेळा तयारी केली तर खर्च 200 आणि तीन संकटांतलं न टळलेलं नुकसान 60, म्हणजे 260. गप्प बसलो तर 300. सात वेळा वाया गेलेली तयारी धरूनही आपण फायद्यात! या आकड्यांत संकटाची शक्यता 25 टक्क्यांपुढे गेली की हालचाल करणं परवडतं. अंदाज अचूक हवा, ही अटच चुकीची आहे.

अनिश्चितता असली की गणित संपतं, हेही खरं नाही. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1955 मध्येच अनिश्चिततेतल्या नियोजनाची मांडणी केली. काही निर्णय आज घ्यायचे, उरलेले परिस्थिती उलगडल्यावर. चाऱ्याचा साठा कुठल्या गोदामांत ठेवायचा हे आज ठरतं. कुठल्या गावाला किती, हे पाऊस कळल्यावर.

एक आक्षेप मात्र मला पटतो, आणि तो त्या मजकुरात नाहीच. गणिताला फक्त एकूण खर्च कमी करा असं सांगितलं, तर रस्त्यापासून लांबचा लहान शेतकरी हिशेबातून गळतो. प्रत्येक वस्तीला किमान वाटा ही अट माणसानेच घालायची असते, आणि ती घातलीच पाहिजे.

राहिलं "नंतर मदत". सोमालियात 2010 पासून इशारे येत होते. दुष्काळ जाहीर झाला 20 जुलै 2011 ला. ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 या काळात सुमारे 2 लाख 60 हजार माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. बांगलादेशात जुलै 2020 मध्ये उलट घडलं: पुराच्या अंदाजाने आधीच ठरवून ठेवलेली पातळी ओलांडताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसे सुटले, तेव्हा जमुनेचा (तिथल्या ब्रह्मपुत्रेचा) पूर शिखराला पोचायचा होता.