क्षमा जरूर करा, पण आधी तक्रार नोंदवून घ्या

प्रवेशाचे दिवस आहेत. नवापूर, अक्कलकुवा, साक्रीकडची आपल्या ख्रिस्ती मंडळीतली पोरं ख्रिस्ती कॉलेजांत निघालीत. कुणी नर्सिंगला, कुणी बीएला. आईबाप निर्धास्त असतात. संस्था आपल्याच लोकांची, सकाळी उपासना होते, रेक्टर ओळखीचे. रॅगिंगच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याच निर्धास्तपणाची.

नात्यातल्या एका पोराला पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला सिनियरच्या खोलीत ‘इंट्रो’ला बोलावलं. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. त्याला मावची बोलीत भजन म्हणायला लावलं आणि तो म्हणत असताना खोलीभर हशा. मग रोज रात्री तेच. शेवटी धीर करून त्यानं संस्थेतल्या वरिष्ठांना सांगितलं, तर उत्तर आलं, “येशूनं साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय. संस्थेचं नाव का घालवतोस?” पोरगं गप्प बसलं.

हे वाक्य बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातलं आहे. त्याच अध्यायात, काही ओव्या आधी, अपराध करणाऱ्याला एकांतात सांग, ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार घे, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव, असंही आहे. आणि लहानातल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्टही तिथंच आहे. एवढं सगळं वगळून फक्त क्षमा उचलायची, आणि तीही मार खाणाऱ्याच्याच गळ्यात मारायची, याचा मला संताप येतो.

कायद्यातही पळवाट नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे आणि त्यात वसतिगृहही येतं. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दोषी ठरला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाच वर्षं कुठंच प्रवेश नाही. तक्रार दाबणारा प्रमुखही गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. प्राचार्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

आपल्या जळगावची आदिवासी डॉक्टर पोरगी पायल तडवी. मुंबईत पुढचं शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये तिनं आत्महत्या केली. सिनियरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. आपण आधीच तक्रार केली होती, असं तिच्या आईनं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती माऊली पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. खान्देशातल्या माणसाला यापुढे आणखी काय सांगायचं?

पाळकांनो, येत्या रविवारी उपासनेनंतर पोरांना उभं करून यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, रॅगिंगविरोधी नंबर लिहून द्या: १८००-१८०-५५२२. फोन फुकट, चोवीस तास चालू, नाव न सांगताही तक्रार करता येते. पोरांनो, मेसेज खोडू नका, स्क्रीनशॉट काढून घरी पाठवा. तारीख, वेळ, खोली नंबर लिहून ठेवा. अर्ज लिहायला अडत असेल तर मला इनबॉक्स करा. मराठीत सांगा, अहिराणीत सांगा, मी लिहून देईन आणि कॉलेजात सोबतही येईन.