भोकापुरतं मशीन

घोडबंदर रोडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि कळलं की ह्या भिंतींत खिळा जात नाही, खिळा वाकतो, बोट सुजतं, भिंत जशीच्या तशी. आम्हाला भोकं हवी होती आठ. ड्रिलवाला म्हणाला एका भोकाचे शंभर, येतो रविवारी. कुठल्या रविवारी ते नाही सांगितलं. तेवढ्यात मोबाईलवर दिसलं, ड्रिल मशीन 2,199 रुपये आणि खाली हिरव्या अक्षरांत, 10 दिवसांत परत करा.

मनात पाप आलं ते तिथेच.

गंमत म्हणजे मागच्याच वर्षी गोखले रोडच्या एका दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ह्या पाटीखाली उभं राहून मीच उसवलेल्या शर्टासाठी भांडलो होतो, 2019चा ग्राहक संरक्षण कायदा ऐकवला होता, की सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे वगैरे. शर्ट बदलून मिळाला. पण तो कायदा सदोष मालासाठी. इथे मशीन धडधाकट होतं, सदोष होतो मी.

बायकोला म्हटलं, अगं आंब्याची पेटी घेताना आपण फोड चाखून बघतोच ना? ती म्हणाली, फोड चाखतो, डझनभर खाऊन साली परत देत नाही.

तरी मी मशीनला दुधाच्या पिशव्या गुंडाळल्या, धूळ लागू नये म्हणून, आणि सुरू केलं. नेमकं दुपारी अडीचला. पहिल्या भोकातच सातव्या मजल्यावरचे काका दारात, ही काय ड्रिलची वेळ आहे का म्हणून ओरडायला आले आणि मशीन बघून एकदम मऊ झाले. "नवीन घेतलंत? संध्याकाळी देता का जरा, आमचं घड्याळ लावायचंय." नाही कसं म्हणणार? आणि परत करायचंय असं तरी कोणत्या तोंडाने सांगणार? काकांकडून ते चौथ्यावर गेलं, तिथून बी विंगला. मला लहानपणीचं आमच्या आईचं पुरणयंत्र आठवलं, होळीला नौपाड्यातल्या अख्ख्या चाळीत फिरायचं, पण बुडाला नाव घातलेलं असल्यामुळे रात्रीपर्यंत घरी यायचं. ह्याला नाव नव्हतं. नवव्या दिवशी मी घरोघर बेल वाजवत हिंडत होतो.

मिळालं शेवटी. पुसलं, टूथब्रशने विटेची भुकटी काढली, थर्माकोल पुन्हा बसवला (तो पहिल्यासारखा कधीच बसत नाही), ॲप उघडलं. परत करण्याचं कारण निवडा. वस्तू खराब आहे, हे खोटं. साइज चुकली, भोकाची चुकली होती पण ती माझ्यामुळे. 'अपेक्षेप्रमाणे नाही' ह्यावर बोट ठेवून बसलो होतो, कारण भिंतीवरचा रॉड खरंच तिरका लागला होता.

आणि उद्या सकाळी बटण दाबू म्हणून झोपलो.

दहाव्या दिवशी उठलो तर खोका रिकामा. बायको सकाळीच जांभळी नाक्याला गेली होती, भांड्यांच्या दुकानात. परत आली, पिशवीतून मशीन काढून माझ्यासमोर ठेवलं. पुढच्या लोखंडी भागावर, टिंबाटिंबाच्या अक्षरांत, माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"दहा रुपये घेतले," म्हणाली. "आता द्या कोणाला द्यायचं ते."