गडग्यापलीकडे फेकलेली गोगलगाय

आज सकाळी पाऊस ओसरल्यावर एक गृहस्थ परसातल्या आफ्रिकन शंखी गोगलगायी चिमट्याने उचलून दगडी गडग्यापलीकडे, शेजाऱ्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) भिरकावत होते. वीस-बावीस तरी असतील. वर तोंडावर समाधान, की जीव मारला नाही!

अहो, गडगा तिला काय लागतो? आज रात्री चढून परत येईल. नाही आली तर पलीकडे मातीत अंडी घालील. एका खेपेला १०० ते ४००, साबुदाण्याहून जरा मोठी, पिवळसर. अशा वर्षात कितीतरी खेपा. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही, आणि एकदा जोडी जमली की बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणजे तुम्ही एक गोगलगाय नाही, अख्खं खानदान फेकलंत.

१९६६ साली फ्लोरिडात एका मुलाने हवाईहून तीन आणल्या, आजीने बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर गेल्या. आपल्या देशातही १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने हौसेने मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडल्या. सगळे गडग्यापलीकडे फेकणारेच.

आणि आता चतुर्थी तोंडावर. सात शिरांची भेंडी, दोडगी, तांबडी भाजी, पपईची रोपं, केळीचे कोंब, सगळं रात्रीत कुरतडलेलं. शंखाला चुना लागतो म्हणून जुन्या घरांच्या भिंतीही खरवडतात. चुन्याच्या गिलाव्यावर चकचकीत ओघळ आणि शेजारी खरवडलेले पट्टे दिसले की समजा.

तोही जीव आहे, मला इथे आणा असं तिने सांगितलं नव्हतं, हे मान्य. भारद्वाज आणि बदकं पोरसवदा गोगलगायी खातात, तेही मान्य. पण तेवढ्याने भागत नाही.

मग काय करायचं? तिन्हीसांजेला गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कडेने पसरा, खाली पपईची पानं, कोबीचा पाला. उजाडायच्या आत उलटा आणि खाली जमलेल्या गोगलगायी वेचा. हातात रबरी मोजे हवेतच. उंदराच्या विष्ठेतून हिच्या अंगात एक बारीक कृमी शिरतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. पोरांना हात लावू देऊ नका, परसातला पाला नीट धुऊन शिजवूनच खा.

१० लिटर पाण्यात किलो-दीड किलो जाडं मीठ विरघळवून त्यात वेचलेल्या गोगलगायी टाका, रात्रभर ठेवा. मग दीड-दोन फूट खड्ड्यात चुन्यासकट पुरा. मीठ थेट वाफ्यात टाकायचं नाही. गोगलगाय मरेल आणि मातीही! पायाने चिरडूनही सोडू नका, पोटातली अंडी तशीच राहतात.

पोफळीला कोळेरोगासाठी (सुपारी कुजते त्या रोगासाठी) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारताच ना? मग १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी असा लेप करून बुंध्याला वीतभर पट्टा द्या. मोरचुदात तांबं असतं, आणि तांब्याला गोगलगाय शिवत नाही. लेप प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी डब्यात मोरचूद वाया जातं. उरलेला लेप विहिरीच्या काठी ओतू नका. मेटाल्डिहाइड या गोगलगायींच्या विषाच्या गोळ्या (अडीच टक्क्यांच्या, एकरी २ किलो) शेवटचा उपाय, आणि कुत्रा-मांजर मोकळं असेल तर नकोच. त्यांना त्या चवीने खाव्याशा वाटतात आणि जीव जातो. भर पावसात तर गोळ्या विरघळून पैसे पाण्यात.

खरं काम उन्हाळ्यात आहे, पण तेव्हा कुणाला आठवत नाही. तेव्हा त्या गडग्याच्या चिऱ्यांतच, तोंडावर पांढरं कडक पापुद्र्याचं झाकण लावून निजलेल्या असतात. मुठीने निघतात. आणि नवीन रोप आणलं की कुंडी उलटी करून मातीचा गोळा बघा, ट्रकने भरावाची माती आणली तर आधी चाळा. गावात येतात त्या बऱ्याचदा तिथूनच.

त्या गृहस्थांवर सकाळी राग आला होता, आता तेवढा नाही. कोवळा माणूस, मारवत नसेल. नसेल मारवत तर निदान झाकणाच्या बादलीत गोळा करून ठेवा, कुणीतरी पुढचं करील. फक्त झाकणावर चिऱ्याचा दगड ठेवा. नुसतं झाकण त्या ढकलून वर येतात.